कुठे सापडलं?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात तिघाचौघांनी "ब्लॉग बंद केलास का?" असं विचारलं. त्यातले दोघे नातेवाईक निघाले, म्हणजे खरे वाचक किती ते कळलंच. :) असो. आजचा विषय जरा वेगळा आहे. समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधत फिरणाऱ्या लोकांबद्दल लिहायचंय, आणि त्या निमित्ताने घरात सध्या चाललेल्या एका वादाबद्दलही.

आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती मॉलच्या नाहीतर स्टेशनच्या दारातली चौकट. तिच्यातून गेलं की ती पीं करून वाजते आणि वाजली तरी कोणी ढुंकून बघत नाही. इथे इंग्लंडमध्ये मात्र हा चांगला रुजलेला छंद आहे. आम्ही राहतो तो विरल नावाचा भाग म्हणजे दोन खाड्यांच्या मधली जिभेसारखी जमीन. एका बाजूला मर्सी नदी आणि पलीकडे लिव्हरपूल, दुसऱ्या बाजूला डी नदी आणि पलीकडे वेल्स. कोकणातल्या माणसाला हे पाणी परकं वाटत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक इथेही घरात चिकटवलेलं असतं. ओहोटीला इकडच्या किनाऱ्यांवर फिरायला जावं तर हमखास एखादा माणूस दिसतो. बहुतेक वेळा निवृत्त, गमबूट घातलेला, कानावर हेडफोन, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढं कडं. ते कडं वाळूच्या वर चार बोटं धरून तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत सावकाश चालत असतो. शेतात कोळपणी चालावी तसं.

यंत्राचं काम सोपं आहे. त्या कड्यात तारेचं वेटोळं असतं आणि त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडलेली असते. त्यामुळे खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युतप्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि ते वर कड्याला कळतं. कानात आवाज येतो. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ साली असंच यंत्र घाईघाईने बनवलं होतं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात घुसलेली गोळी शोधायला. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या स्प्रिंगांनी घोळ घातला असं म्हणतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात हेच तंत्र भूसुरुंग शोधायला वापरलं गेलं, आणि युद्धानंतर लष्कराची जुनी यंत्रं बाजारात आल्यावर छंदिष्टांच्या हाती पडलं.

समुद्रावर मात्र यंत्राची परीक्षा असते. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे ओल्या वाळूवर साधं यंत्र सारखं ओरडत सुटतं. त्यासाठी वेगळ्या पद्धतीची, जास्त किमतीची यंत्रं लागतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत, तिथे अजून पंचाईत. आणि एवढं करून नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर थोडी जास्त खोल असेल तरच कळते. जमिनीच्या पोटातला हंडा दाखवणारं दिव्य अंजन नव्हे हे.

सापडतं काय? बाटल्यांची बुचं, कॅनच्या कड्या, गळाची शिशाची वजनं, कालपरवा पडलेले सुटे पैसे. पण वादळानंतर मजा येते. लाटा वाळूचा वरचा थर ओढून नेतात आणि जड वस्तू मागे एका रेषेत राहतात. समुद्र सुपात घेऊन पाखडतो म्हणा ना. सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून नेणारे आपल्याकडचे झारेकरी आठवा. ते पाण्यात धुऊन जे करतात तेच इथे समुद्र करून ठेवतो, आणि जाणती माणसं नेमकी ती रेषा धरून चालतात.

आता मुद्द्याकडे येते. आमच्यापासून थोड्याच अंतरावर मेल्स नावाचं गाव आहे. आज तिथे घरं आहेत, बांध आहे, वाळू आहे, रविवारी कुत्र्यांना फिरवणारी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथला किनारा समुद्राने खायला सुरुवात केली आणि वाळूखालून वस्तू बाहेर पडू लागल्या. मेटल डिटेक्टर नव्हताच तेव्हा. कोळी आणि गावातली मुलं नुसत्या डोळ्यांनी वेचायची आणि हौशी लोकांना विकायची. बकलं, टाचण्या, यात्रेकरूंचे बिल्ले, रोमन नाणी, सॅक्सन नाणी, व्हायकिंगांच्या वस्तू, आणि त्याहून जुनी चक्क कार्थेजची नाणी! अब्राहम ह्यूम नावाच्या पाद्र्याने या सगळ्याचा अभ्यास करून १८६३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे २००७ साली तिघा संशोधकांनी वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरलेल्या तीन हजारांच्या आसपास वस्तू एकत्र मांडल्या आणि त्यातून दिसलं की इथे हजार-दीड हजार वर्षं नांदतं बंदर होतं. डूम्सडे बुकात मेल्सचं नाव आहे, पण गाव म्हणून. एवढ्या मोठ्या बंदराची हकीकत सांगणारा कागद कुठेच नाही. ते बंदर समुद्रात गेलं आणि आज आपल्याला माहीत आहे ते केवळ एका कारणाने. कोणीतरी प्रत्येक वस्तूपुढे लिहून ठेवलं, "मेल्सच्या किनाऱ्यावर सापडली."

एवढे तीन शब्द. ते नसते तर ती तीन हजार सुटी खेळणी होती. कार्थेजचं नाणं लंडनच्या लिलावातही मिळतं. पण विरलच्या वाळूत मिळालेलं कार्थेजचं नाणं ही बातमी असते. माझं म्हणणं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. जुन्या नाण्याची खरी किंमत त्याच्या धातूत नसते आणि दुर्मिळपणातही फारशी नसते. ते कुठे सापडलं यात असते. आणि ही किंमत एकदाच वसूल करता येते, नाणं उचलण्याच्या क्षणी. नंतर जगातलं कुठलंही यंत्र ती परत आणू शकत नाही.

इंग्रजांना हे एका दिवसात कळलं असं समजू नका. इथेही बरीच भांडणं झाली. १९८० साली पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाल्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली होती. त्यांच्या लेखी हे सगळे लुटारू. त्याच दशकात सरे परगण्यात वॉनबरो इथल्या रोमन काळातल्या देवळाची जागा लुटली गेली, हजारो प्राचीन नाणी रातोरात खणून विकली गेली, आणि जुन्या कायद्याने चोरांचं फारसं काही वाकडं करता आलं नाही. त्यातून मग १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आला. त्याचा मथितार्थ असा. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू, किंवा एकत्र सापडलेली तशी दोन नाणी, मिळाली की चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला कळवायचं. एखाद्या संग्रहालयाला ती हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि तेवढे पैसे मिळतात, साधारणपणे निम्मे शोधणाऱ्याला आणि निम्मे जमीनमालकाला. २०२३ साली यात भर घालून दोनशे वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही आत घेतल्या. जहाजातलं काही किनाऱ्याला लागलेलं मिळालं तर त्यासाठी 'रिसीव्हर ऑफ रेक' हा वेगळा अधिकारी, मुदत अठ्ठावीस दिवस. आणि किनारा कोणाच्या मालकीचा आहे, तिथे परवानगी काय लागते, हे आधी बघायचं. संरक्षित स्मारकाच्या जागेवर यंत्र नेणं हाच गुन्हा.

पण माझ्या मते कायद्यापेक्षा मोठं काम केलं ते १९९७ साली सुरू झालेल्या एका साध्या योजनेने. कायद्यात न बसणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे एखादं सुटं नाणं, तांब्याचं बकल, अंगठी यांच्यासाठी, जागोजागी एक माणूस नेमला. तुम्ही वस्तू घेऊन जायची. तो फोटो काढतो, वजन करतो, नकाशावर जागा नोंदवतो, आणि वस्तू तुमची तुम्हाला परत देतो! सक्ती नाही, दंड नाही. आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद अशी झाली आहे, आणि ती कोणालाही घरबसल्या बघता येते.

तरी इथे सगळे साधुसंत आहेत असं नाही. २०१५ साली दोन ठिकाणी आल्फ्रेड राजाच्या काळातली नाणी सापडली. वॉटलिंग्टनच्या माणसाने कळवलं, जागा शास्त्रशुद्ध उकरली गेली, आणि २०१७ साली ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने तो ठेवा साडेतेरा लाख पौंडांना घेतला. लेमिन्स्टरजवळ दोघांनी मात्र गुपचूप खणून विकायला काढलं. तिथे तीनशेच्या आसपास नाणी असावीत असा अंदाज आहे, हाती लागली जेमतेम तीस. २०१९ साली त्या दोघांना तुरुंगवास झाला. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या नाण्यांवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ. बखरीत या केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं म्हणून मोडीत काढलंय. नाणी सांगतात की तो आल्फ्रेडचा बरोबरीचा दोस्त होता. जिंकणाऱ्याने बखर लिहिताना मित्राचं नाव खोडलं आणि नाण्याने ते परत आणलं. त्या हरवलेल्या नाण्यांत आणखी काय लिहिलं होतं ते आता कधीच कळणार नाही.

इथवर वाचून कंटाळला नसाल तर आता घरातला वाद.

माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, याने हे सगळे व्हिडिओ बघितले आहेत. माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठी. खाडीची हवा लागलेला मुलगा, पोहण्यात तरबेज, इतिहासाचं वेड. त्याने फोनवर सांगितलं, "आत्या, येताना मला एक मेटल डिटेक्टर आण. निम्मे पैसे मी देतो." दादाचं मत, "आण गं, तेवढाच मोबाईल सोडून घराबाहेर पडेल." वहिनीचं मत नेमकं उलटं. गुप्तधनाच्या नादाने वाटोळं झालेली घरं आमच्या पंचक्रोशीत तिने बघितली आहेत. पायाळू माणूस बोलवायचा, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचं, अमावास्येला खणायचं, हे प्रकार आपल्याला नवीन नाहीत. गुप्तधनापायी अघोरी कृत्यं करण्याचा उल्लेख २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात मुद्दाम करावा लागला, यावरून काय ते समजा. त्यापुढे डिटेक्टर कधीही बरा, हे मलाही मान्य आहे.

पण मी नाही म्हणाले. त्यानंतर भाचेबुवांचा फोन नाही. "इंग्रजांना चालतं, आपल्याला का नाही?" हा त्याचा शेवटचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर इथे सविस्तर देते. ब्लॉग तो वाचतो हे मला माहीत आहे.

दाभोळ म्हणजे नुसती खाडी नाही. बहमनी आणि आदिलशाही काळातलं ते बडं बंदर. पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने १५०८ च्या डिसेंबरात ते जाळलं. अशा जागी खाडीकाठच्या मातीत थर असतात. जळाल्याचा थर, त्याखाली आधीच्या वस्तीचा, वर नंतरच्या वस्तीचा. कोणतं नाणं कोणत्या थरात, यावर सगळी कालगणना उभी असते. मोकळ्या पुळणीवरची वाळू समुद्राने शंभरदा उलथीपालथी केलेली असते, तिथे वरवर खुरपं घातल्याने फारसं बिघडत नाही. काठच्या मातीचं तसं नाही. तिथे यंत्र वाजलं म्हणून हातभर खड्डा केला की नाणं वर येतं आणि इतिहास खाली मोडतो. त्यात यंत्राला कळतो फक्त धातू. आपली जुनी बंदरं मात्र बरीचशी खापरांवरून ओळखली गेली आहेत. सुरईचा तुकडा, चिनी मातीच्या बशीची कड, काचेचा मणी यांच्यावर यंत्र मुकं असतं. आवाजाच्या मागे खणणारा माणूस ते सगळं बाजूला फेकतो.

हे झालं मातीचं. कायद्याचं काय? आपल्याकडे अजूनही १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं की कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दहा रुपये! १८७८ साली ती रक्कम होती. आज त्यात वडापावही येत नाही. खरं सांगायचं तर कायदा वाचला की वाटतो तितका वाईट नाही. मूळ मालक सापडला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, अशी वाटणी त्यात आहे. पण सरकारला तो ठेवा घ्यायचा असेल तर किंमत काय द्यायची? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा. शिवराईतलं तांबं मोडीच्या भावाने किती रुपयांचं भरेल याचा हिशेब करा आणि त्यात पाचवा हिस्सा मिळवा. इतिहासाची किंमत आपण एवढी ठरवली आहे.

याचा परिणाम काय होतो ते गावात राहिलेल्या कोणालाही विचारा. विहीर खणताना, पाया काढताना मडकं लागतं. चार माणसांना कळायच्या आत ते घरात जातं. कचेरीत गेलं तर जबाब, पंचनामा, हेलपाटे, आणि "अजून किती लपवलंस?" हा संशय जन्माचा. सोनाराकडे गेलं तर तासाभरात पैसे. साधा माणूस सोनाराकडे जातो. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मुशीत जातं ते परत येत नाही, आणि मडकं कुठे मिळालं हे तर माणूस बायकोलाही सांगत नाही.

आणि न वितळता हाती आलं तर काय होऊ शकतं? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा मिळाला. सुमारे १३,२५० नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची, पण त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. गौतमीपुत्राने क्षहरातांचा निःपात केला हे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. पण राजाच्या आईने कोरवून घेतलेल्या लेखात कौतुक असणारच, असं कोणी म्हटलं असतं तर? ही हजारो नाणी त्यावरचा साक्षीपुरावा झाली. ते भांडण बरंचसं आपल्याच किनाऱ्यासाठी होतं. भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं ज्याच्या हातात, त्याच्या हातात रोमशी चाललेला व्यापार. नहपानाचं एक सुटं नाणं संग्रहालयात छान दिसलं असतं. मूळ आणि छाप मारलेली नाणी एकाच ठेव्यात, एकाच गावात मिळाली म्हणून त्यातून युद्धाचा निकाल वाचता आला. विचार करा, त्या काळी नाशिकच्या एखाद्या सोनाराची भट्टी आधी पेटली असती तर.

आता भाच्याचा खरा बिनतोड मुद्दा. तो म्हणतो, "आत्या, नाहीतरी जेसीबी सगळं उचलून नेतोच आहे. जेटी बांधतात, रिसॉर्टचा पाया काढतात, वाळू उपसतात. समुद्र काठ खातोय तो वेगळाच. मी निदान जपून ठेवीन." याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि मेल्सची सगळी गोष्ट त्याच्या बाजूची आहे. तिथे कोळ्यांनी आणि पोरांनी वेचलं नसतं तर समुद्राने नेलंच असतं. म्हणून यंत्रावर सरसकट बंदी घाला असं मी म्हणणार नाही. आयर्लंडमध्ये सरकारी संमतीशिवाय पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरणं हा १९८७ पासून गुन्हा आहे. आपण तशी बंदी घातली तर ती पाळणार माझ्या भाच्यासारखी मुलं. ज्यांना लुटायचंय ते ऑनलाइन यंत्र मागवून रात्रीचे जाणारच.

माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी खिडकी, मग यंत्र. तालुक्याच्या गावी, महिन्यातून एक दिवस का होईना, एक माणूस बसावा ज्याच्यापुढे आपण वस्तू ठेवू शकू. त्याने पोलिसाला बोलावू नये. फोटो काढावा, वजन करावं, जागा लिहावी, पावती द्यावी. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर बाजारभावाने पैसे मिळावेत, मोडीच्या भावाने नव्हे. त्याच वेळी सोपारा, चौल, दाभोळसारख्या जागांचे काठ यंत्राला साफ बंद असावेत आणि मोडलं तर शिक्षा खरी असावी. राज्याचं पुरातत्त्व खातं आहे, विद्यापीठांतून इतिहास शिकलेली आणि नोकरी नसलेली मुलं आहेत, प्रत्येकाच्या खिशात नकाशा आणि कॅमेरा असलेला फोन आहे. १९९७ साली इंग्रजांकडे यातलं शेवटचं नव्हतं. तरी त्यांनी सुरू केलं.

ती खिडकी नसताना मी यंत्र नेऊन दिलं तर काय होईल? त्याला काही मिळालं नाही तर ठीक. मिळालं तर त्याच दिवशी एक सज्जन मुलगा दोन वाईट रस्त्यांमधला एक निवडायला बसेल, कचेरी की सोनार. त्याच्या वयाच्या मुलावर ही पाळी आणणं मला पटत नाही. वर तो हे कोणाला सांगू शकणार नाही, म्हणजे जागेची नोंद नाहीच. सगळ्या खटाटोपातली मोलाची तेवढी गोष्ट हरवणार, आणि ती हरवायला मी इथून पेटीतून यंत्र वाहून न्यायचं!

तोवर करण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि त्याला डिटेक्टर लागत नाही. ब्लॉगवाली मित्रमंडळी आणि नातेवाईक, हे तुम्हा सगळ्यांसाठी. आपल्या देवघरांत, फडताळांत, आजीच्या पितळी डब्यांत केवढी नाणी पडून आहेत! लक्ष्मीपूजनाला निघणारे राणीछाप रुपये, ढब्बू पैसे, एखादी शिवराई. शिवराई पाडणं महाराजांनंतरही कितीतरी वर्षं चालू होतं, त्यामुळे ती मिळाली म्हणून लगेच रायगडाशी नातं जोडायला नको, पण म्हणूनच ती कुठली आहे हे महत्त्वाचं. या गणपतीला घरी जाल तेव्हा डबा उघडा. चिंच-मीठ लावून घासू नका, त्याने अक्षरं जातात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे आलं कुठून? कुणाच्या शेतात मिळालं, कुठल्या विहिरीच्या मातीत, की बाजारात घेतलं? ऐकाल ते कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद त्याच डब्यात ठेवा.

भाच्याला हे काम मी फोन न येताही सांगून ठेवतेय. आमच्या वाडीत पंचवीस घरं आहेत. पंचवीस डबे, एक वही. मुलगा मनावर घेईल तर दिवाळीपर्यंत होईल.

आईच्या डब्यात एक शिवराई आहे, झिजलेली, 'छत्रपती' मधलं 'छ' तेवढं नीट लागतं. ती कुठली म्हणून मी आईला विचारलं. ती म्हणाली, "सासूबाईंनी दिली." सासूबाईंना कोणी दिली? "ते काही त्या बोलल्या नाहीत बाई." त्यापुढचं सांगणारं आमच्याकडे आता कोणी उरलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर यंदाच विचारून घ्या.